न हादरणारी धुमस

४ फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
अ. उ. आ. फोनवर तू ‘हं, हं’ करून ठेवून देतोस, म्हणून पत्र. तुझ्या बायकोने सगळं सांगितलं. सकाळी तुझी बोटं पांढरी पडतात, शर्टाची बटणं तीच लावते. हादरणारं यंत्र आत्ताच सोडलं तर बोटांची जाण परत येईल, उशीर केला तर नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर तू म्हणे विचारलंस, रस्त्याचं काम सोडून मटार सोलत बसू का?

आमच्या चाचणी शेडमध्ये खड्ड्यातला माल ठोकून बसवायची बॅटरीवरची हातधुमस आली आहे. मी स्वतः धरून पाहिली. खाली गरम डांबर-खडी दणादण दबत होती आणि मूठ मात्र झोपलेल्या वासराच्या पाठीसारखी शांत. पुढची चाचणी खऱ्या रस्त्यावर करायची आहे. तुमच्या मुकादमांना मी विचारलंय, ते हो म्हणाले. ती कसोटीला उतरली तर तुझं काम राहील आणि हातही.
मुलीला पापा. माझ्यावर चिडलास तरी पत्राने चिड.
तुझी ताई

१२ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि. चिडलो नाही, फजिती झाली. शाळेच्या फाटकासमोर परातीएवढा खड्डा होता. माल भरला, पसरला, धुमस सुरू केली. जुन्या यंत्रात माल घट्ट झाला की कोपरापर्यंत धक्का येतो, तेव्हा आम्ही थांबतो. मी त्या धक्क्याची वाट बघत राहिलो, तो काही येईना. मुकादमांनी हाक मारली तेव्हा ठिगळ रस्त्याच्या खाली गेलं होतं आणि खडीचा भुगा झाला होता. डांबराला मालिश करतोय का, असं गँगमधले विचारत होते.

मुकादम म्हणाले, गुरुवारी अजून एकदा. नाही जमलं तर खोक्यात घालून परत.

पण ताई, बंद केल्यावर हातात ती झिणझिण नव्हती. मी तळवे बघत उभा राहिलो. थोडी भीतीच वाटली.
तुझा धाकटा, ज्याच्यावर हसायची तुला पूर्ण मुभा आहे

१५ फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
अ. उ. आ. हसले, मग पत्र पुन्हा वाचलं. आमच्याकडे मोजायची उपकरणं असतात. तुम्ही धक्क्यावर थांबता हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आज शेडमध्ये डोळे मिटून नुसती ऐकत उभी राहिले. आधी ओल्या गोधडीवर बडवल्यासारखा आवाज येतो. मग एकाएकी बदलतो, बंद दारावर टकटक केल्यासारखा. तिथेच थांबवलं आणि तुकडा कापून पाहिला. प्रत्येक खडा दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेला, मध्ये सुई शिरणार नाही. इतक्या वर्षांत असं बसलेलं पाहिलं नव्हतं मी. जुन्या इंजिनाच्या गोंगाटात हा आवाज तुम्हाला कधी ऐकूच आला नसेल. रस्त्यावर तो ऐकू येईल का, ते मात्र मला ठाऊक नाही. कान दे.
तुझी काळजी करणं हेच जिचं दुसरं काम, ती ताई

९ मे
ती. ताईस,
सा. न. वि. वि. यंत्र पास झालं ते मुकादमांनी तुला कळवलंच असेल. पण त्या गुरुवारचं सांगायचं राहिलं. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं, एका टेम्पोवाल्याला इंजिन बंद करायला लावलं. आवाज बदलला तो सगळ्यांनी ऐकला. मी थांबलो. वर पट्टी आडवी ठेवली तर खालून उजेडाची रेघसुद्धा नाही. भरलेला ट्रक वरून गेला, ओरखडा नाही. मालिशवाले एकेक जण येऊन ठिगळावर उभे राहून गेले.

तेव्हापासून जुन्या यंत्राला हात लावलेला नाही. आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. सकाळी पोरगी नुसती पडून होती. मी कपाळाला हात लावला आणि हिला सांगितलं, अंग तापलंय. हिने थर्मामीटर लावला, तर खरंच ताप. औषध दिलं, आता पोरगी खेळतेय. ही मात्र थर्मामीटर धरून कितीतरी वेळ माझ्या बोटांकडे बघत होती.
लोभ आहेच, तो असाच हाताला लागत राहो.
तुझा धाकटा