मागच्या सीटवर कोण होतं?

मंगळवार, करी रोड

दादा खोटं बोलतोय, नक्की. बाबांच्या जुन्या गाडीला त्याने रुंद टायर बसवले, स्प्रिंग बदलून गाडीची उंचीही कमी केली. तेव्हापासून मागे कुणी जड माणूस बसलं तरच टायर मडगार्डला घासतो. आणि आज मडगार्डच्या आत घासल्याचा ताजा पट्टा! हा मात्र म्हणतो, "परळला एकटाच गेलो होतो." मग हा पट्टा कसला? वहिनी माहेरी आहे. नको नको ते मनात यायला लागलं. पुन्हा खाली जाऊन पाहिलं. पट्टा ताजाच होता.

शेवटी जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "मागे कोण होतं रे?"

ताटातून मान वर न करता बाबाच म्हणाले, "मी होतो. डोळे दाखवायला गेलो होतो."

बाबा? "माझ्या गाडीची वाट लावलीस" म्हणून भांडले, तेव्हापासून ते दादाशी एक शब्द बोललेले नाहीत.

"मग पुढे का नाही बसलात?"

"पुढे बसलो असतो तर बोलावं लागलं असतं."

दादाने मुकाट्याने त्यांच्या ताटात सुरमईची तुकडी वाढली. बाबा नको म्हणाले नाहीत.