आईच्या मोज्यांना खाली ठिपके का आहेत

नाही ताई, आता तू बोलू नकोस. काल फोनवर तू एकवीस मिनिटं बोललीस. तेवढ्यात मी तीनदा "अगं पण" म्हणालो, तिन्ही वेळा तू "पण नाही नि बिण नाही" म्हणालीस, आणि शेवटी "रविवारी टेम्पो येणार म्हणजे येणार, आईची काळजी या घरात फक्त मलाच आहे" असं सुनावून फोन आपटलास. पत्र आपटता येत नाही. फाडता येतं, पण अर्धं वाचल्याशिवाय तू ते फाडणार नाहीस, तेवढी तू मला माहीत आहेस.

तर रीतीप्रमाणे आधी साष्टांग नमस्कार. (पत्रातच. खरोखर घालायला लावलास तर आठही अंगं जमिनीला टेकतील, पण त्यातलं एकही परत वर येणार नाही.) दाजींना नमस्कार, चिमणीला पापा. तुम्ही सगळे बरे असाल. मी बरा नाही. शिंक यायला लागली की मी आधी भिंत शोधतो. काल सकाळी संडासात बसताना मी जे ओरडलो ते ऐकून शेजारचे पाण्याचा पाइप फुटला का विचारायला आले. पण हे दुखणं काहीच नाही गं. मला जो धक्का बसलाय तो त्याच्यापेक्षा मोठा आहे. तीन दिवस झाले, मी अजून लोकांना हातातली वस्तू देतो आणि वर "हे काय?" असं त्यांनाच विचारतो.

सगळी चूक तुझी आहे. आता कशी, ते सांगतो. मी दिवसाचे नऊ तास लोकांच्या कवळ्या बनवतो हे तुला माहीत आहे. (तू चारचौघांत "दातांच्या क्षेत्रात आहे" असं सांगतेस तेही मला माहीत आहे.) मेणात एकेक दात बसवताना मान पुढे जाते. सहा वर्षांत ती इतकी पुढे गेलीये की मी खोलीत शिरतो तेव्हा आधी डोकं येतं आणि मागून सावकाश मी. डॉक्टर म्हणाले, पिलाटीज सुरू करा. मी तुला विचारलं, हे काय असतं? तू म्हणालीस, "जा की. झोपून करायचा व्यायाम आहे. झोपता तर येतं ना तुला?"

झोपून! ताई, फाशीसुद्धा उभ्यानेच देतात, म्हणून ती काही उभ्याने करायची गंमत होत नाही.

शनिवारी पाचला गेलो. आईच्या घरापासून दोनच स्टॉप पुढे, शिंप्याच्या दुकानावरचा मजला. दारातच शिकवणाऱ्या बाईंनी अडवलं. (सगळे त्यांना कणाबाई म्हणतात, कारण त्या माणसाच्या तोंडाकडे बघतच नाहीत, थेट कण्याशी बोलतात.) म्हणाल्या, बूट काढा, मोजे कुठे आहेत? म्हटलं, घातलेत. म्हणाल्या, हे नाहीत, तळाला रबराचे ठिपके असलेले, घसरू नये म्हणून. माझ्या मोज्याला खाली ठिपका नव्हता, भोक होतं. त्यांनी कपाटातून एक जोडी दिली, गुलाबी. मग विचारलं, जेवून किती वेळ झाला? म्हटलं, वीस मिनिटं. त्यांनी माझ्या कण्याकडे फार दयेने बघितलं. (त्या दयेचा अर्थ मला डोकं उचलून पोट आवळायच्या वेळी कळला. कुणी नवीन जाणारं असेल तर सांग, दोन तास आधी काही खाऊ नको.) कुठे काही दुखणं, जुनं ऑपरेशन, चक्कर? म्हटलं, काही नाही, फक्त मान. म्हणाल्या, लपवू नका, इथे लपवलेलं पाचव्या मिनिटाला बाहेर येतं. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता ते यंत्र. रिफॉर्मर म्हणतात. बघायला खाट, पण खाटेवर एक गादी चाकांवर पुढेमागे सरकते, आणि ती स्प्रिंगांनी एका टोकाला बांधलेली असते. तुम्ही गादीवर उताणे पडायचं, पाय दांडीला लावायचे आणि स्वतःला ढकलायचं. एवढंच. श्वास मात्र नाकाने घ्यायचा, तोही पोटात नाही, बरगड्यांत, बाजूला, छत्री उघडल्यासारखा, आणि तोंडाने सोडायचा. मी इतकं लक्ष देऊन श्वास घेतला की सोडायचा राहिला. कणाबाई येऊन म्हणाल्या, "श्वास धरून ठेवू नका, कुणी चोरत नाही." आणि हालचाल किती, तर वीतभर. वीतभर पाय हलवायचा आणि मांडी अशी थरथरते जसा आपला जुना फ्रिज. मी घाबरून म्हटलं, बाई, फिट येतेय. त्या म्हणाल्या, थरथर चांगली, स्नायू जागे होतायत. टोचलं, झिणझिण्या आल्या तर थांबून सांगायचं.

त्या दुसऱ्या टोकाला गेल्या तेव्हा मी गुपचूप तीनपैकी दोन स्प्रिंगा काढल्या. माझा साधा हिशोब, नवीन माणूस आहे, हलक्यापासून सुरुवात करावी. आणि घरचं अडकलेलं कपाट ढकलतो तसा जोर लावला. ताई, मी गेलो! गादी मला घेऊन टोकापर्यंत गेली, तिथे आपटली आणि तितक्याच प्रेमाने परत घेऊन आली आणि इकडे आपटली. अख्खा वर्ग थांबला. कणाबाई धावत आल्या. "स्प्रिंग काढली म्हणजे सोपं होतं असं कुणी सांगितलं? स्प्रिंग म्हणजे आधार. आधार काढला की अंगाला स्वतःला सांभाळावं लागतं. ते यायला वर्ष लागतं. त्या बघा, त्या एकीवर करतात." आणि आरशाजवळच्या यंत्राकडे बोट केलं.

आरशाजवळच्या यंत्रावर दोन पाय होते. म्हणजे बाकीचं माणूसही असणार, पण मला दिसले ते पाय, पट्ट्यांत अडकवलेले, सरळ छताकडे, आणि कंबरसुद्धा वर, नुसती खांद्यांवर उभी. जांभळे मोजे, पिवळे ठिपके. माझ्या मनात काय आलं माहीत आहे? अरे वा, ताईने आईला आणले तसेच. मला खरोखर वाईट वाटलं, की बघा, तेच मोजे, एक बाई असं करतेय आणि आपली आई घरातल्या घरात घसरू नये म्हणून घालतेय. मग ते पाय खाली यायला लागले. एकेक मणका गादीवर ठेवत, काचेची भांडी कपाटात लावावीत तसे, आवाज न करता. आणि सगळ्यात शेवटी डोकं टेकलं, ते माझ्याकडे वळलं, आणि म्हणालं, "बरगड्या आत घे. आणि तोंड मिट."

आई.

आपली आई, ताई! जिला खुर्चीतून उठताना आपण दोन्ही बाजूंनी धरतो. जिच्यासाठी तू तुझ्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत भिंतीला दांड्या ठोकून घेतल्यास. जी तीन मजले चढू शकत नाही म्हणून रविवारी टेम्पो येणार आहे!

आता तुझे तीन पुरावे आठव. तू दर वेळी बोटांवर मोजून दाखवतेस ते. एक, आई घरातही न घसरणारे मोजे मागते. (ते आणताना तू दुकानात रडलीस.) दोन, मंगळवारी आणि शनिवारी पाचला फोन उचलत नाही, ग्लानीत असते. तीन, नंतर गेलं तर खुर्चीत बसल्यावर तिच्या मांड्या थरथरतात. तिन्ही खरे आहेत. पाचला ती खांद्यांवर उभी असते.

मी गुलाबी मोज्यांत लटपटत बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. मागून आई आली, खाली वाकली (वाकली, ताई, गुडघे न दुमडता) आणि बाकाखालून माझे बूट काढून दिले. मी म्हटलं, हे काय आहे? ती म्हणाली, "काय असणार. मागच्या वर्षी पाठ धरली ना, तेव्हा व्यायामवाल्यांनी इकडे पाठवलं. चार महिन्यांत बरी झाले." मग सांगितलं का नाहीस? तर मोज्यावरचा धागा काढत बसली. मग म्हणाली, "आधी ताईचा फोन रविवारी यायचा, तोही भांडी घासता घासता. नळाचा आवाजच जास्त यायचा. पाठ धरली आणि रोज यायला लागला. तूही बुधवारी यायला लागलास, येताना काही ना काही आणायला लागलास. म्हटलं, अजून एक आठवडा दुखू दे." तो आठवडा आठ महिने चालला. तोवर तू दांड्या ठोकल्यास, खुर्ची आणलीस, टेम्पो ठरवलास. म्हणे, "आता कुठल्या तोंडानं सांगू? तिने भिंतीला भोकं पाडलीयेत." तुझ्या त्या खोलीतून फक्त मागची भिंत दिसते, तिच्या खिडकीतून अख्खा चौक दिसतो, हे ती बोलली नाही. पण "आई गं" म्हणायची तिची ती पद्धत आहे ना, तसं ती या वेळी म्हणाली नाही, आणि मला पहिल्यांदाच तिचं दुखणं खरं वाटलं.

आणि माझ्या खिशात तिच्याच खिडक्यांची मापं होती. ती तुझ्याकडे आली की ते घर मला, असं आपलं ठरलंय ना. पडद्यांचा रंगसुद्धा ठरला होता, राखाडी. ती मापं घेऊन मी तिच्याबरोबर घरी निघालो. अठ्ठावन्न पायऱ्या आहेत. बाविसाव्या पायरीवर माझ्या मांड्यांनी हात जोडले. ती दोन मजले वर गेली, कठड्यावरून वाकून म्हणाली, "येतोयस ना? का चहा खाली आणू?"

तेव्हा टेम्पो नको. हेच मी काल एकवीस मिनिटं सांगायला बघत होतो. तिला राहू दे तिथे. तिच्या दोन स्प्रिंगा आपण आपल्या हाताने काढू आणि बघू, ती आपटत नाही. आपटलो तर आपण आपटू.

तिला ओरडू नकोस. ओरडायचंच असेल तर मला ओरड, मला सवय आहे.

तुझा,
मान सरळ करत असलेला भाऊ

ता. क. फोन मात्र रोजच कर. पाचला नको. आणि नळ बंद करून.

ता. क. राखाडी पडदे रद्द. आई म्हणाली, त्या रंगाने चौक उदास दिसेल.

ता. क. आता मुद्द्याचं. ती मागची खोली रिकामीच राहणार ना? दांड्या काढू नकोस. कमोडवरची खुर्चीसुद्धा राहू दे, तिची उंची मी दाजींना फोनवर विचारून घेतलीये, मला बरोब्बर बसते. मी राहतो ती खोली चौथ्या मजल्यावर आहे, ताई. कणाबाई म्हणतात, आठवड्यातून दोनदा न चुकता आलात तर महिना-दीड महिन्यात जिना उतरताना आवाज यायचा थांबेल. तेवढेच दिवस. मी पंचवीस पायऱ्यांच्या वरचा माणूस राहिलेलो नाही. तूच म्हणतेस, घरातल्या आजारी माणसाची काळजी फक्त मलाच आहे. मग घे.

ता. क. हे दाराखालून सरकवतोय. बेल वाजवतो. आज मंगळवार, पावणेपाच होत आलेत, आई स्टॉपवर थांबलीये आणि मला उशीर चालणार नाही, म्हणून तू "अरे पण" म्हणायला दार उघडशील तेव्हा मी नसेन. बॅग असेल, दाराला टेकून. जड आहे. उचलताना श्वास सोड.