मिलेनाच्या बापाची सही

३ सप्टेंबर, मंगळवार

एर्मेलकाकांना मारलं. त्यांच्याच औषधाच्या दुकानात, माझ्यासमोर! मी मिलेनाच्या तापाचं औषध मागत होते. ते बाटली हलवून म्हणाले, "जेवणानंतर दे हं, नार्सी." तेवढ्यात मोटरसायकल थांबली. मागं बसलेला पोरगा उतरलापण नाही, बसल्या बसल्याच झाडल्या. बाटली काकांच्या हातातच राहिली. फुटली नाही. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि घरी आले.

हो, घेतली. पोरीला ताप होता.

त्यांनी या महिन्याची लस टोचून घेतली नव्हती म्हणे. खंडणीला लस म्हणायचं कुणाला सुचलं कोण जाणे. टोचून घेतली तर जगता, नाहीतर नाही. तेवढं खरं आहे.

चपलेचा तळ अजून चिकटतोय.

४ सप्टेंबर

स्पेनच्या वकिलातीतून आले. माझा व्हिसा झाला! मिलेनाचा अडला.

क्लेबर माझा नवरा, तिकडं शेतात कामाला आहे, पण मिलेना त्याची नाही. तिचा बाप वेलिंग्टन. मी सोळाची होते तेव्हाचा. खिडकीमागच्या बाईनं विचारलं, "पोरीच्या वडिलांची संमती कुठंय?" मी म्हटलं तो आमच्यात नाही. "जिवंत आहे का?" आहे. "मग नोटरीपुढं त्याची सही आणि अंगठा. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर तिची फाइल बंद."

बाहेर छत्रीखाली एक बाई टाइपरायटर घेऊन बसते, अर्ज लिहून देते. तिला विचारलं, दुसरा काही मार्ग? ती कागद सरळ करत म्हणाली, "बापाची सही. नाहीतर कोर्ट — त्याला समन्स जाणार, एक वर्ष. नाहीतर बापाच्या मृत्यूचा दाखला. आपल्याकडं तिसरंच लवकर मिळतं, बाळा." आणि हसली. रांगेतल्या बायकापण हसल्या. मीपण हसले.

कोर्टाचं समन्स वेलिंग्टनच्या दारात! ते नेणारा परत येईल का? आणि मी?

५ सप्टेंबर

गेले त्याच्याकडं. गाड्या धुतात तिथं बसतो, टोळीतली पोरं घेऊन. मी त्याला आवडतं ते माशाचं आंबट कालवण नेलं होतं, वर कांदा घालून. त्यानं आधी सगळं खाल्लं. वाटी चाटली. मग म्हणाला, "बोल."

बोलले.

"सही?" तो म्हणाला. "माझी सही बघायचीय?" समोरच्या भिंतीवर गोळ्यांची भोकं आहेत, ती दाखवली. "ही बघ. ही पण माझीच. ने कागदावर उतरवून!" पोरं खिदळली.

मी म्हटलं, "वेलो, पोरगी तिकडं शिकेल. इथं काय आहे?"

त्यानं माझा हात टेबलावर ठेवला. हळू. मला वाटलं धरतोय. मग करंगळी मागं वाकवली, मोडेपर्यंत. आवाज झाला. म्हणाला, "तू जा स्पेनला म्हाताऱ्यांची ढुंगणं धुवायला. माझं रक्त इथं राहील."

रिकामी वाटी परत आणली. का आणली?

८ सप्टेंबर

क्लेबरचा फोन. तिकडं लेट्युसची तोड चालू आहे, पाठ वाकत नाही म्हणतो. मग म्हणाला, "तू एकटी ये आधी. तिला मागून आणू."

फोन बंद केला.

१२ सप्टेंबर

मिलेनाचं दप्तर उचललं तर जड. वह्यांखाली काहीतरी, कापडात गुंडाळलेलं. पिस्तूल.

"पप्पानं दिलं," ती म्हणाली. "शाळेच्या कोपऱ्यावरच्या दादाला द्यायचं. पोलीस लहान मुलींची दप्तरं बघत नाहीत. तुला नाही दाखवायचं होतं. मम्मी, जड आहे ना?"

आठ वर्षांची आहे.

मी ते तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि तिला शाळेत पाठवलं नाही. दुपारी त्याचा माणूस आला. दार लाथेनं उघडलं. मला केस धरून फरशीवर, मग भिंतीवर. मिलेना टेबलाखाली, कानावर हात. शेवटी तीच ओरडली, "तांदळात आहे! तांदळात आहे!" त्यानं तांदूळ सगळीकडं सांडले. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शाबास. उद्यापासून रोज हं."

तांदूळ वेचताना तिनं विचारलं, "मी चुकले का?" नाही गं. नाही!

डावा डोळा उघडत नाही.

१३ सप्टेंबर

समोरची मार्लेने पोरांना घेऊन गेली. कुठं, माहीत नाही. आमच्या वस्तीत जाणारा काही विकत नाही. फ्रिज दाराबाहेर पडलेला दिसला की सगळ्यांना कळतं, आणि ज्यांना कळू नये त्यांना आधी कळतं. म्हणून जाणारे भांडी चुलीवर ठेवून जातात, कपडे दोरीवर. मार्लेनेची लाल चादर दोरीवर आहे. वारा आला की उडते. घरात कुणी असल्यासारखी.

मीपण तशीच जाणार. तशीच जायचंय.

१६ सप्टेंबर

कालव्यापलीकडची टोळी आत घुसली. भर दुपारी! आम्ही दोघी मोरीत, पाण्याच्या पिंपामागं. गोळ्या पत्र्यावर गारा पडल्यासारख्या. मिलेना पाढे म्हणत होती. सातचा पाढा चुकली, मी दुरुस्त केला नाही. मला येत नाही.

वेलिंग्टनची दोन पोरं गाडीत जाळली, गाड्या धुण्याच्या जागीच. पाणी होतं तिथं. कुणी टाकलं नाही.

तो सापडला नाही.

१९ सप्टेंबर

आउराबाई आल्या. वेलिंग्टनची आई, मिलेनाची आजी. हिरव्या केळ्यांचा घड घेऊन आल्या, म्हणजे रस्त्यात कुणी विचारलं तर नातीला केळी द्यायला. दार लावून माझ्या डोळ्याकडं बघितलं. "त्यानं?" मी मान डोलावली. त्यांनी शिवी दिली. पोटच्या पोराला!

मग कानात सांगितलं. तो त्यांच्याकडं आहे. स्वयंपाकघरात, शेगडीमागं चटई टाकून झोपतो. पत्र्यावर आंबा पडला तरी शेगडीला चिकटतो. काल ढसाढसा रडला म्हणे. "वाघ होता गं. आता बघवत नाही."

मला बरं वाटलं, ते कसं बोलणार?

म्हणाल्या, "हे मला माहीत, त्याला माहीत, आता तुला. सही मी आणते त्याच्याकडून. आठवडा दे. माझं ऐकेल तो, आता तरी."

"आणि नाही ऐकलं तर, बाई?"

"तर मी त्याचा अंगठा धरून उठवीन. जन्म दिलाय त्याला."

२२ सप्टेंबर, रविवार

ईतालो आला होता. माझा कोंपाद्रे, मिलेनाला बाप्तिस्म्याला यानंच हातावर धरलं. आमच्यात कोंपाद्रे म्हणजे भावाच्याही वरचा, आणि मी त्याची कोमाद्रे. त्याच्याशी खोटं बोलायचं नाही आणि त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. तीनचाकी चालवतो. मिलेनाला गोड पाव आणला.

"कोमाद्रे, डोळा काय म्हणतो?"

"बघतो अर्धंच. अर्धंच बघण्यासारखं आहे."

हसला. कॉफी प्याला. मग कप खाली ठेवून म्हणाला, आता लस नव्या लोकांना द्यायची. नवे लोक सगळ्यांना एकच विचारतात, तो कुठं झोपतो. "जो सांगेल त्याचं घर लसीतून सुटलं." माझ्याकडं न बघता म्हणाला, "आणि तुझ्या सहीचंही आपोआप होईल. कागद कागदच असतो, कोमाद्रे."

छत्रीखालच्या बाईचा तिसरा मार्ग!

मी विचारलं, "अजून कॉफी?"

"दे."

दिली. काही सांगितलं नाही. खोटंपण बोलले नाही.

२५ सप्टेंबर



शाळा सुटताना गेटपाशी दोन माणसं. एकानं मिलेनाला बर्फाचा गोळा घेऊन दिला. तिच्या बाजूला उकिडवा बसला, "तुझा पप्पा कुठंय गं?" ती म्हणाली, माहीत नाही. त्यानं पिस्तुलाची नळी तिच्या कानात घातली. गोळा चोखत राहा म्हणाला. चोखत राहिली. मी रस्त्यापलीकडून सगळं बघत होते आणि पाय उचलत नव्हता! एकही बाई हलली नाही. गोळ्याचा लाल रंग तिच्या हनुवटीवरून गळ्यात. खाली सॉक्स ओले झाले.

तो मला बघून हसला. "छान पोरगी आहे. शुक्रवारी परत विचारू."

घरी येऊन तिला अंघोळ घातली. कान परत परत धुतला. ती म्हणाली, "मम्मी, मला खरंच माहीत नव्हतं. माहीत असतं तर सांगितलं असतं. चालेल ना?"

चालेल.

आउराबाईंकडून सही नाही. निरोप नाही. आठवडा उद्या संपतो. शुक्रवार परवा.

मी ईतालोला तीनचाकीच्या थांब्यावर गाठलं. गिऱ्हाईक उतरेपर्यंत थांबले. म्हटलं, "आईकडं. स्वयंपाकघरात. शेगडीमागं."

त्यानं विचारलंच नव्हतं या वेळी.

"बाईंना काही होऊ देऊ नका, कोंपाद्रे."

"वेडी का! म्हातारीला कोण हात लावतं?" आणि मला घरापर्यंत सोडलं. पैसे घेतले नाहीत.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

जेवायच्या वेळेला. मी घेवडा सोलत होते. आधी मोटरसायकली, मग धाड धाड धाड. थांबलं. मग परत एकदाच.

मिलेना म्हणाली, "फटाके?"

मग आउराबाईंचा आवाज. असा आवाज मी बाळंतपणात काढला होता. तेव्हा त्यांनीच माझा हात धरला होता.

घेवडा सोलून संपवला. सगळा.

२८ सप्टेंबर

मयताला गेले. जावंच लागतं, त्याच्या पोरीची आई मी. बैठकीच्या खोलीत ठेवलेला, पेटीखाली बर्फाची परात. बाहेर पुरुष पत्ते खेळत होते. स्वयंपाकघराचं दार लावलेलं, खालून लाल पाणी येत होतं, एक बाई सारखी पुसत होती.

चेहऱ्याला काही झालं नव्हतं. गुळगुळीत दाढी केलेली. नखं कापलेली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मेला म्हणे, तो रक्तानं खराब झाला म्हणून दुसरा घातला. शेगडीमागं झोपणारा माणूस इस्त्रीचा शर्ट कशाला घालेल? उजवा अंगठा काळा होता. मला वाटलं रक्त सुकलं. बाई म्हणाली, "किती घासलं, निघतच नाही."

कॉफी कोण वाटत होतं? ईतालो. माझ्यापुढं तबक धरलं. "घे, कोमाद्रे."

घेतली.

आउराबाईंनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

३० सप्टेंबर

पहाटेच आल्या. काळा झगा. बसल्या नाहीत. दोन कागद टेबलावर ठेवले.

एक दाखला, वेलिंग्टनच्या मृत्यूचा.

दुसऱ्यावर त्याची सही. वाकडी, शाळकरी. बाजूला काळा अंगठा, नोटरीचा शिक्का. शुक्रवारची तारीख.

म्हणाल्या, "दाढी करून नोटरीकडं गेला होता. मी नेलं, माझा रुमाल डोक्याला बांधून, बाईसारखा. परत येऊन म्हणाला, आई, आधी जेवतो, मग तू हे नार्सीला देऊन ये." कागदाची घडी हातानं सपाट केली. "जेवत होता."

मी तोंड उघडलं.

"गप. शेगडीमागची जागा तिघांना माहीत होती. तो गेला. मी त्याची आई आहे."

मग त्यांनी झोपलेल्या मिलेनाला उठवलं, वेणी घातली, घट्ट, तिला आवडते तशी. दोन्ही कागद माझ्या पिशवीत स्वतः घातले. दारात वळल्या.

"कपडे दोरीवर राहू दे. रोज संध्याकाळी मी काढीन, सकाळी परत वाळत घालीन. तुम्ही पोचेपर्यंत."