नुसतं पाहणं

बुधवारा, बऱ्हाणपूर

तीर्थरूप अण्णांना प्रतिभाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. शाळेतल्या मुलींना मी रोज प्राणायाम शिकवते, तुम्ही शिकवलात तसाच. आईला आवडते ती इथली दराबा मिठाई घेऊन ठेवलीय. तिचे गुडघे कसे आहेत?

काल ती फोनवर रडली. तुम्ही डायलिसिसला जाणं सोडलंत. तुम्ही म्हणता म्हणे, 'देह म्हणजे मी नाही, मी फक्त पाहणारा.'

अण्णा, हे कुठलं वैराग्य? योगातला पहिला यम अहिंसा, हे तुम्हीच सांगायचात ना? मग ती स्वतःच्या देहाला लागू नाही?

हात जोडते, पत्र मिळताच दवाखान्यात जा.

लहानपणी मला टायफॉइड झाला, तेव्हा तुम्ही ध्यान सोडून माझ्या उशाशी बसून राहिलात. नुसतं पाहणं तुम्हाला जमलं नाही. मग मला कसं जमेल?

तुमच्या उशाशी बसायला निघालेली,
प्रतिभा