पट्टा फक्त कुत्र्याला

२ एप्रिल, पहाट
पहाटे उठलो. (पहाट म्हणजे ऊन खिडकीत आलं होतं, पण कोवळं होतं.) आजपासून रोजनिशी. संकल्प एकच. मोबाइल कमी, चिंतन जास्त. ग्रुप फक्त सकाळच्या चहाबरोबर उघडायचा. मध्ये डोकावायचं नाही.

दुपार
डोकावलो. पण कारण होतं. कोणीतरी 'स्मृती'मधली वेलांटी ऱ्हस्व काढली होती. उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला, डोळ्यांदेखत असं कसं सोडायचं? दुरुस्त करून पाठवली. आभार कोणीच मानले नाहीत.

३ एप्रिल
ग्रुपचं नाव 'जुने दिवस'. काढला आमच्या डेंटिस्टने. शाळेत एका बाकावर बसायचो. कविता मी म्हणायचो, टाळ्या तो घ्यायचा, कारण त्याचा आवाज मोठा. नियम स्पष्ट आहे : फक्त जुने फोटो. तरी मांजरवाल्या बाई रोज मांजर टाकतात. मी नियम दाखवला, तर म्हणाल्या, मांजरही जुनंच आहे हो. त्यावर सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. आमची हीसुद्धा ग्रुपवर आहे, पण गप्प असते. फक्त मांजरं बघते.

५ एप्रिल, संध्याकाळ
लेकीचा फोन. सुट्टीत येतेय, नातीला घेऊन. आनंद गगनात मावेना. लगेच जाहीर केलं की नातीला माझ्या जुन्या गाडीतून तळ्यावर नेणार. फक्त आम्ही दोघं. पुढे, मांडीवर, तिचे हात स्टिअरिंगवर. तुला न्यायचो ना, तस्सं.
लेक म्हणाली, सीट आहे का बाबा? म्हटलं, चार आहेत. म्हणाली, लहान मुलांची हो. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडे मोडलेलीच माणसं येतात, त्यामुळे धडधाकट जगावर तिचा विश्वास नाही. शेवटी म्हणाली, पट्टा नाही तर नात नाही.
हे मला! जिला मी चालीवर कविता म्हणत झोपवली, तिने!
आई कुठेय, द्या तिला फोन, म्हणाली. दिला. दोघी बराच वेळ हसत होत्या.

६ एप्रिल
रात्रभर विचार केला. (म्हणजे झोप लागेपर्यंत.) उपाय सापडला : जनमत. आमच्या पिढीची साक्ष एकदा लेकीच्या डोळ्यांसमोर ठेवली की प्रश्न मिटला. डेंटिस्टला फोन करून लेकीला ग्रुपमध्ये घ्यायला लावलं. तो म्हणाला, विचार केलायस ना? म्हटलं, मी विचार केल्याशिवाय काही करत नाही.
ट्रंक उपसली. फोटो सापडला. मी स्टिअरिंगपाशी, केस काळे. लेक मांडीवर, पाच वर्षांची, हसतेय. मागच्या खिडकीतून आमच्या कुत्र्याने तोंड बाहेर काढलेलं. फोटो हिने काढलेला, म्हणून माझा एक कान कापला गेलाय. पण काय ते दिवस!
सोबत दोन ओळी रचल्या. भुजंगप्रयात.

कुठे ती जुनी वाट, माझी सवारी
कुठे लेक मांडीवरी बैसणारी

खाली गद्यात : आमच्या काळी गाडीत पट्टा फक्त कुत्र्याला असे. तरी आम्ही मुलं वाढवलीच ना? कुणाला कधी काही झालं?
हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, नक्की पाठवताय? आमच्या घरात कौतुक करण्याची पद्धत नाही.

७ एप्रिल, सकाळ
पाठवला.

सकाळ, थोड्या वेळाने
लाल बदामांचा पाऊस. कोणी लिहिलं, व्वा. कोणी लिहिलं, गेले ते दिवस. एकाने 'सवारी' वाचून विचारलं, गाडी भाड्याने देता का? काव्य सगळ्यांसाठी नसतं.

दुपार
चर्चा कुत्र्यावर घसरली. जात कोणती, चावायचा का, कान असेच होते का. लेकीने अजून काही लिहिलेलं नाही. भारावली असावी.

संध्याकाळ
घात.
मांजरवाल्या बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. लिहिलं, अगंबाई, कुत्र्याला बांधलंय आणि बाळ मोकळं!
मी भिंग घेतलं. खरंच. कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला दोरी, ती सीटच्या दांड्याला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि हे नजरेतून सुटलं कसं? तरी डगमगलो नाही. उत्तर दिलं : कुत्रा द्वाड होता, मुलगी आज्ञाधारक होती.
एकाने विचारलं, आज्ञाधारक मुलं ब्रेक लागल्यावर हवेत थांबतात का काका?
मग डेंटिस्ट बोलला. माझा बालमित्र! लिहितो, आज्ञाधारक होती खरी, मी उरलेला दात काढताना हूं की चूं केलं नाही. स्टिअरिंगवर आपटून अर्धा तुटला होता. आठवतंय ना रे?
अरे, दुधाचा दात होता. पडायचाच होता!
आणि मग ही. ग्रुपवर आजवर एक अक्षर न लिहिलेली ही. स्वयंपाकघरात बसून, मी बाहेरच्या खोलीत असताना, मध्ये एक भिंत, तिने टाइप केलं : कुत्र्याला मीच बांधायला लावलं होतं. मुलीलाही काहीतरी बांधा म्हटलं, तर हे म्हणाले, मुलगी काय कुत्रं आहे?
एवढे बदाम माझ्या सबंध कारकिर्दीत मला पडले नाहीत.
शेवटी लेक उगवली. एकच ओळ. बाबा, तुम्ही तर सांगितलं होतंत की तो दात सफरचंद खाताना तुटला.

८ एप्रिल
ग्रुप सोडला. मौन पाळून, सन्मानाने. आता सगळे हवालदिल होतील.

८ एप्रिल, दुपार
हिच्या मोबाइलवर बघितलं. कोणी हवालदिल नाही. टोपलीतल्या मांजराचा फोटो आहे.

९ एप्रिल
ग्रुपमध्ये परत आलो. कोणाच्या आग्रहास्तव नव्हे. टोपलीखालच्या मजकुरात 'निरागस'चा 'नीरागस' झाला होता.
हिच्याशी अबोला. तिने विचारलं, चहा घेणार का? मान हलवून हो म्हटलं.

१० एप्रिल
मन मोठं करायचं ठरवलं. पट्टा पाहिजे ना? आणतो. माझ्याकडून कमतरता नको. नात माझ्या गाडीत बसली म्हणजे झालं.
मांजरवाल्या बाईंनी मला वेगळा मेसेज केला. मनाने तशा बऱ्या आहेत. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, ही लिंक घ्या, आमच्याकडे सगळे हाच वापरतात. लिंकवर लिहिलेलं : घरातल्या छोट्या सदस्यासाठी प्रवासाचा सुरक्षित पट्टा. किती हळुवार भाषा! शुद्धलेखनही निर्दोष. ताबडतोब मागवला. लाल.
त्यात छातीचं माप विचारलं होतं. लेकीला फोन करून नातीचं घेतलं. तिने विचारलं, कशाला? सांगितलं, स्वेटर. ती म्हणाली, या उन्हाळ्यात? मी म्हटलं, प्रेमाला ऋतू नसतो. तिने फोन आईला द्यायला सांगितला.

१४ एप्रिल
पट्टा आला. मजबूत आहे. पाठीवर कडी, पोटाखालून दोन बंद, छातीला बक्कल. उशीला घालून पाहिला. उशी हलली नाही. विज्ञानाने प्रगती केली आहे हे मान्य करायला हवं.

१५ एप्रिल
गाडी घेऊन गॅरेजला गेलो. गॅरेजवाल्याला म्हटलं, हा मागच्या सीटला बसवून दे. त्याने पट्टा उलटसुलट केला. मग आतल्या दोघांना हाक मारली, अरे या रे, काकांनी काय आणलंय बघा. मग विचारलं, काका, शेपटी कुठून काढणार?
कुत्र्याचा आहे.
म्हणजे मोठ्या कुत्र्याचा. नातीच्या मापाचा.
वर म्हणतो, माणसाचा आणलात तरी तुमच्या गाडीत मागे बसवायला जागा नाही. पट्टा अडकवायचा कशाला? दांडा गंजलाय. दोन बोटांनी हलवून दाखवला. त्याच दांड्याला कुत्रा बांधलेला असायचा.
पट्टा पिशवीत घालून परत आणला. हिने पिशवीत बघितलं. स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच वाजली. हसताना ती भांडी वाजवते.

१६ एप्रिल, सकाळ
मांजरवाल्या बाईंनी ग्रुपवर जाहीर विचारलं, पट्टा मापात बसला का? काकांकडे कुत्रं आलं, अभिनंदन! लागोपाठ अभिनंदनाचे मेसेज. डेंटिस्टने पुष्पगुच्छ टाकला. खुलासा लिहायला घेतला. पण खुलाशात काय लिहिणार? नातीसाठी घेतला होता म्हणून?
लिहिलं, आभारी आहे.
त्यांनी नाव विचारलं. लिहिलं, कवी.

दुपार
लेकीचा मेसेज. बाबा, खरंच कुत्रं आणलंत? नातीला सांगितलं. उड्या मारतेय. उद्या येतोय.
लेक ग्रुपमध्ये आहे हे विसरलो होतो. घेतलं मीच होतं.

१७ एप्रिल
आल्या. नात उंच झालीय. मला मिठी मारली आणि मिठीतूनच पलंगाखाली डोकावली. कवी कुठेय? मी म्हटलं, गावाला गेलाय. ती म्हणाली, एकटा? पट्टा न लावता?
लेकीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. हिने लाल पट्टा आणून टेबलावर ठेवला. लेकीने माप वाचलं. ते तिनेच दिलेलं. तीही आईसारखीच हसते, फक्त भांड्यांशिवाय.
नात रडली. मग झोपली. आजोबा खोटं बोलतात, असं झोपेतही म्हणाल्याचं ही सांगते. मी ऐकलेलं नाही, त्यामुळे नोंद करत नाही.

१८ एप्रिल, सकाळ
लेक अंघोळीला गेली होती. नातीच्या कानात म्हटलं, चल, पटकन तळ्यावर जाऊन येऊ. मांडीवर बसवतो. तुझ्या हातात स्टिअरिंग देतो. आईला सांगायचं नाही. कोणत्या मुलाला याचा मोह होणार नाही?
ती सरळ बाथरूमच्या दाराशी गेली आणि दार वाजवून म्हणाली, आई गं, आजोबा मला पट्ट्याशिवाय पळवतायत!
पळवतायत, म्हणे. मी!
मोठ्यांनी दगा दिला तर समजू शकतो. त्यांना सवय असते.

दुपार
लेकीने गाडीची किल्ली मागितली. दिली. वाटलं, बोलेल, मग मीही बोलेन. उत्तर तयार होतं. ती माझ्या शेजारी बसली. ओले केस. म्हणाली, मला ते सगळं आठवतं बाबा. तळ्याचा रस्ता, तुमची ती चालीवरची कविता. तेवढं छान मला परत कधीच वाटलं नाही. तुमचा एक हात माझ्या पोटावर असायचा. मला वाटायचं, तोच पट्टा आहे.
मी म्हटलं, मग? मी हेच तर सांगतोय!
ती म्हणाली, म्हैस आडवी आली तेव्हा तुम्ही तो हात स्टिअरिंगवर नेलात.
यावर वृत्तात बसेल असं काही सुचलं नाही. गद्यातही नाही.

संध्याकाळ
त्या तिघी लेकीच्या गाडीने तळ्यावर गेल्या. मलाही बोलावलं. म्हटलं, डोकं दुखतंय. जाताना नात मागे तिच्या सीटवर राणीसारखी बसली होती. इकडून तिकडून पट्टे. तिने हात हलवला. पट्ट्यांमधून जेवढा हलला तेवढा.
ग्रुप उघडला नाही. (एकदाच उघडला. कोणीतरी जुन्या विहिरीचा फोटो टाकलाय. चांगला आहे.)

२० एप्रिल
उद्या त्या जाणार. नात स्वतःहून माझ्याकडे आली. म्हणाली, तुमची गाडी दाखवा. किल्ली लेकीकडे होती. तिने दार उघडून दिलं आणि किल्ली परत खिशात टाकली.
तर आज नात माझ्या गाडीत बसली. स्टिअरिंगपाशी. मी शेजारी. तोंडाने घुर्र केलं, गियर म्हणून माझा गुडघा ओढला. निघालो. मी रस्ता सांगत होतो. आता उतार, आता वडाचं झाड, आता वळण, आणि बघ, पाणी चमकतंय. ती म्हणाली, हो, दिसतंय. मलाही दिसत होतं. त्या जुन्या वासात, त्या मऊ पडलेल्या सीटवर मी तिला अख्खी कविता चालीवर म्हणून दाखवली. ती मध्ये बोलली नाही. एवढा चांगला श्रोता मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.
कविता संपल्यावर तिने कच्चकन ब्रेक दाबला. माझ्याकडे वळून विचारलं, आजोबा, तुम्ही पट्टा लावला नाहीत?
म्हटलं, या गाडीला नाहीच गं.
ती म्हणाली, मग उतरा.
उतरलो. तिने दार लावून घेतलं, काच खाली केली, सांगितलं, आम्ही तळ्यावर पुढे होतो, तुम्ही मागून चालत या. आणि घुर्र करून निघून गेली.
अंगणातून घर लांब नाही. चालत आलो.