माझे डोके फोडणाऱ्या कैलासला वांग्याची वाडी

मी, रूपराव महादेवराव काळबांडे, वय शहात्तर, धंदा भाजीपाल्याची शेती, राहणार रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर घरातल्या सगळ्यांच्या विरोधात लिहून ठेवतो. मिळकत माझ्या स्वतःच्या कष्टाची आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोक्यावर टाक्यांची मोठी खूण दिसेल, पण ती बाहेरून आहे.

कलम १. ही खूण माझा पुतण्या कैलास याने केली. मोटरच्या पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली आणि त्याने कुदळीचा दांडा घातला. त्यासाठी तो तुरुंगात जाऊन आला. सुटल्यावर त्याला गावात कोणी दारात उभे करेना. माझी पत्नी कै. आनंदाबाई त्याला सरळ घरी घेऊन आली. मी ओरडलो, तर म्हणाली, "डोकं तुमचं फुटलं, पोट तं त्याचं रिकामं हाये ना? पह्यले जेवू द्या त्याले, मंग ओरडा." तेव्हापासून तो इथेच आहे. नाल्याकाठची वांग्याची वाडी, मोटरसह, आणि मागची खोली मी कैलासला देतो.

कलम २. माझा मुलगा मुकेश नालवाडीत राहतो, नोकरीवर आहे. मी डोळे मिटले की कैलासला हाकलायचा त्याचा बेत आहे, आणि तो चारचौघांत तसे बोललाही आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्याने निकाल दिला, "बाबा, थो सायकोपॅथ हाये. असे लोकं सुधरत नाई." मी हा शब्द त्याच्याच मुलीला, आचलला, विचारला. ती वर्ध्याला मानसशास्त्र शिकते. म्हणाली, "आबाजी, ज्याले दुसऱ्याचं दुखणं पोचतच नाई, पस्तावा होत नाई, थो माणूस अलग. कैलासकाका भडकते अन् मंग रडत बसते. अन् असं नाव देणं तपासणाऱ्याचं काम हाये, पप्पाचं नाई." शाब्बास पोरी! सुधारतात का, हेही विचारले. म्हणे काही सुधारतात, हमी कोणी देत नाही, मेहनत रोजची असते.

कलम ३. ती मेहनत मी पाहिली आहे. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमकडे तो जातो. त्यांनी त्याला शिकवले, राग चढला की जागा सोडायची. मीही आपल्या परीने परीक्षा घेतली. पत्त्यांत उघड लबाडी केली, त्याच्या भाजीला नावे ठेवली. तो लालबुंद व्हायचा, उठायचा आणि जाऊन वांग्यांना पाणी सोडायचा. एका हंगामात मी जरा जास्तच छळले, तर अख्खी वाडी सडली. हे कळल्यावर मॅडम मलाच म्हणाल्या, "काका, त्याचं बरं चाललंय, आता तुमचंच पाहावं लागेल." तेव्हापासून मी सरळ खेळतो, आणि पत्त्यांतली मजाच गेली. भीती म्हणाल तर अजून वाटते. त्याच्या हातात कुदळ दिसली की मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहतो. तरी वाडी त्याचीच.

कलम ४. राहते घर मुकेशला देतो.

इथवर लिहून मी आज सगळ्यांसमोर वाचून दाखवले. वाडीचे ऐकताच मुकेशने भरलेला तांब्या कैलासवर भिरकावला. तो कपाळाला लागला. सगळे दाराकडे सरकले. कैलासची मूठ आवळलेली मी पाहिली. त्याने ती हळूहळू सोडली. मग म्हणाला, "मुकेशभाऊ, तुले लय राग आला हाये. जरा बाहीर जाऊन येजो."

"मी काऊन जाऊ? घर माह्यं हाये!" म्हणत मुकेश दुसरा तांब्या शोधू लागला.

सबब कलम ४ दुरुस्त करतो. घर मुकेशलाच, पण आधी त्याने वर्षभर मॅडमकडे जावे. पहिल्या खेपेला कैलासने सोबत जावे. तिथे बाहेरच्या बाकावर बसताना माणसाला फार लाज वाटते, कैलास सांगतो. मुकेशचा नंबर येईपर्यंत कैलासने त्याच्याजवळ बसावे.

वाचून, समजून सही केली.
रूपराव महादेवराव काळबांडे

साक्षीदार:
१. जिजाबाई भोयर, शेजारीण
२. प्रफुल ढोले, किराणा दुकानदार (खाटेमागून बाहेर येऊन सही केली)

मुक्काम रोहणा, दिनांक १२ जून २०२५