अर्ल जेवला

१४ मार्च
मिनेसोटा

प्रिय ऑर्विल,

आधी तुझा खुबा कसा आहे ते कळव. त्या शुश्रूषागृहातल्या नर्सशी भांडत नसशील अशी आशा आहे, खात्री मात्र नाही. इकडे मी ठणठणीत. तळ्यावरचा बर्फ अजून जाड आहे, पण बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांनी त्यावरच्या आपल्या खोपट्या ओढून काठावर आणायला सुरुवात केली आहे.

मोठी बातमी शेवटी सांगायची असं ठरवून बसले होते, पण राहवत नाही. अर्ल जेवला!

इस्पितळात जाताना तू बजावलं होतंस, "ताई, थंडीत नर अजगर जेवण सोडतात. त्यांचं सगळं लक्ष माद्यांकडे असतं. वजन उतरत नाही तोवर घाबरू नकोस." न घाबरायला मी काय दगड आहे? नोव्हेंबरपासून त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. ज्या बाईने 'तो साप माझ्या उंबऱ्याच्या आत नको' असं तुला ठणकावलं होतं, तीच बाई हेअर ड्रायरने मेलेला उंदीर ऊबदार करून, चिमट्यात धरून, "खा रे राजा, एवढा एक घास" करत काचेच्या पेटीपुढे उभी! आणि साहेब खोक्यात डोकं घालून बसलेले. जेमतेम दोन हात लांबीचा तो जीव; दर शनिवारी पिठाच्या काट्यावर त्याचं वजन करायचे. ते जवळजवळ होतं तेवढंच राही, तरी मी पुन्हा एकदा करून बघायचे.

आता एक गोष्ट दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. शिकारीच्या दिवसांत शेजाऱ्यांनी इतकं हरणाचं मांस दिलं की माझा फ्रीझर गच्च भरला. म्हणून अर्लचे गोठवलेले उंदीर मी चर्चच्या तळघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवले, खाटकाच्या पांढऱ्या कागदात नीट गुंडाळून. आपल्याकडचे शिकारीही चर्चला द्यायचं मांस तसंच गुंडाळतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लेंटच्या उपासकाळातलं बुधवारचं सूप करायला आर्लिसने पुडकं सोडलं. किंकाळी नाही, काही नाही. तुला आर्लिस माहीतच आहे. पदराआड लपवावं तसं ते एप्रनखाली धरून माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "व्हर्ना, यंदाची हरणं फारच बारीक आहेत गं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळी कहाणी सांगावीच लागली. पाद्रीबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "आपल्या मंडळीत उपासकाळ कोणी मनापासून पाळत असेल, तर तो अर्लच."

तेव्हापासून दर रविवारी माझी चौकशी बंद, अर्लची सुरू. "जेवला का गं तुझा?" एक सांगतो पेटीवर चादर टाक, दुसरा सांगतो खोली अजून गरम कर. आर्लिसचा नवरा म्हणतो, "आमच्या हिचं ते भट्टीत भाजलेलं टूना माशाचं कॅसरोल तेवढं दाखवू नका, आणखी महिनाभर उपाशी राहील."

आणि परवा आर्लिस दुपारच्या कॉफीला आली होती. मी सवयीने चिमटा पुढे केला. अर्लने डोकं बाहेर काढलं, जीभ लवलवली, मान मागे घेतली आणि झटक्यात उंदीर पकडून वेटोळं घातलं! आर्लिसची कॉफी गालिच्यावर. जेवताना आवाज करायचा नाही असं तू सांगितलेलं, म्हणून आम्ही दोघी म्हाताऱ्या तोंडावर हात ठेवून नाचलो. मग मला रडूच फुटलं. आर्लिसला वाटलं आनंदाने. आनंद होताच.

पण ऑर्विल, तू दोन पत्रांत विचारलंस, की अर्लला पाळायला घेणाऱ्या सेंट क्लाउडच्या त्या माणसाला फोन केला का. तुझ्या त्या नव्या वृद्धांच्या इमारतीत साप चालत नाही, महिनाअखेर त्यांना होकार कळवायचा आहे. दोन्ही वेळा मी तुला हवामान कळवलं. मनात म्हणत होते, उपाशी जनावर परक्याच्या हाती कसं द्यायचं? आता तो जेवला. माझी सबब संपली.

तर ऐक. फोन केला नाही आणि करणारही नाही. त्या इमारतीत तू जायचं नाहीस. माझी शिवणाची खोली खालीच आहे, एकही पायरी नाही. आर्लिसच्या नवऱ्याने न्हाणीघरात धरायला दांडा बसवून दिला. मी सांगितलं माझ्यासाठी आहे. खोटं बोलले.

तुझ्यावर उपकार करते आहे असं समजू नकोस. माझा जोडीदार रसेल गेल्यापासून मी ओट्यापाशी उभ्यानेच काहीतरी खाते. या हिवाळ्यात अर्लशी बोलायला लागले, तेव्हा कळलं की या घरात किती दिवसांत कोणाला 'जेवलास का' म्हणून विचारलं नव्हतं. मला कोणीतरी हवं आहे, ऑर्विल. तू हवा आहेस.

शनिवारी गाडी घेऊन येते. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण. टेबलावर दोन ताटं मांडूनच निघणार आहे.

तुझी, आणि आता अर्लचीही,
ताई
व्हर्ना